बुलेटचं हेड आणि कॅम निवडताना: सातारा-सांगलीच्या रायडर्सचे नेहमीचे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात जुन्या बुलेट अजून रोजच्या वापरात आहेत. इंजिन हाफ करायला (वरचा भाग खोलून दुरुस्तीला) किंवा बोअरिंगला (सिलिंडर आतून कापायला) आलं, की "आता खोललंच आहे तर हेडचं काम करू आणि कॅमही बदलू" हा विषय निघतोच. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात, आणि कॅम म्हणजे ते व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा भाग. खालची उत्तरं रोज रस्त्यावर पळणाऱ्या गाडीसाठी आहेत, ट्रॅकवरच्या गाडीसाठी नाहीत. बहुतेक उत्तरं कास्ट आयर्न (लोखंडी बॅरल म्हणजे सिलिंडर, पण हेड ॲल्युमिनियमचं, अशी जुनी इंजिनं) ३५० आणि ५०० धरून लिहिली आहेत. नव्या इंजिनांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी काय बदलू, हेड की कॅम?

आधी काहीच विकत घेऊ नका. गाडी दिवसभर कुठल्या आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालते ते ठरवा, मग हेड, कॅम, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते), कार्ब (कार्ब्युरेटर) आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हे पाचही एकाच आरपीएमसाठी निवडा. एक कॅम आणला, वर्षाने मोठा कार्ब आणला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) रुंद केले, अशा हप्त्याहप्त्याने बनलेल्या गाड्या कंपनीच्या गाडीपेक्षाही मंद निघतात, कारण प्रत्येक पार्ट वेगळ्या आरपीएमला खूश असतो. आणि खर्चायला पैसे एकाच कामापुरते असतील तर ते हेडवर घाला. चांगल्या हेडवर कंपनीचा कॅम मस्त चालतो. गळक्या हेडवर कुठलाही कॅम चालत नाही.

माझी गाडी कुठल्या आरपीएमला चालते हे कसं कळणार? मीटरच नाही.

ढोबळ हिशोब पुरेसा आहे. कास्ट आयर्न ३५० टॉप गिअरला ताशी साठच्या वेगाने चालते तेव्हा इंजिन तीन हजाराच्या आसपास फिरत असतं. आता आपले रस्ते आठवा. सांगली-मिरज रोडची गर्दी, सीझन सुरू झाला की आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे सरपटणं, साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, वाईहून पसरणीचा घाट. यात तुमचा नव्वद टक्के वेळ दोन ते चार हजारांच्या मधेच जातो. पेठ नाक्यावरून हायवेला लागलात की थोडा वेळ त्याच्या वर. म्हणजे इंजिनाची खेच २००० ते ४००० मध्ये हवी, आणि प्रत्येक पार्ट याच मापाने निवडायचा.

मोठा कॅम टाकला की पॉवर वाढते ना?

वाढते, पण वर. खालची जाते. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

मोठा कॅम म्हणजे बहुतेक वेळा जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम. त्यात इनलेट व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारा) उशिरा बंद होतो. पिस्टन खालून वर यायला लागलेला असतो आणि व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. आरपीएम जास्त असेल तर आत येणाऱ्या हवेला इतका जोर असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते, सिलिंडर जास्त भरतो आणि पॉवर मिळते. पण अडीच हजारावर तो जोर नसतो. आत आलेलं मिश्रण पिस्टन परत कार्बकडे ढकलतो.

आकड्यात सांगतो. जुन्या ५०० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी आणि कॉम्प्रेशन ६.५ ला १. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या तळानंतर क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) ६० डिग्री फिरल्यावर बंद झाला तर तोवर पिस्टन स्ट्रोकचा साधारण पाचवा हिस्सा वर आलेला असतो. ८० डिग्रीला बंद झाला तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. उरलेल्या स्ट्रोकमध्येच मिश्रण दाबलं जातं, त्यामुळे हळू फिरताना प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन पहिल्या कॅमला ५.४ च्या आसपास पडतं आणि दुसऱ्याला जेमतेम ४.६. मग किक हलकी लागते, गाडी आळशी होते, ट्रॉलीला ओव्हरटेक करताना गिअर पाडावा लागतो. मालक म्हणतो, कॅम खराब निघाला. कॅम चांगलाच असतो, फक्त तो ९ च्या कॉम्प्रेशनसाठी आणि साडेपाच हजार आरपीएमसाठी घासलेला असतो.

म्हणून दोन कॅममध्ये मन अडलं असेल तर रस्त्याच्या गाडीसाठी लहान घ्या. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि पुढेही सांगणार.

कॅमच्या कागदावर लिफ्ट, ड्युरेशन, लोब सेंटर असं लिहिलेलं असतं. त्यातलं काय बघू?

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो. ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती डिग्रीपर्यंत तो उघडा राहतो. लोब सेंटर म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) शिखरांमधलं अंतर, तेही डिग्रीत, पण कॅमच्या.

ड्युरेशनचा आकडा वाचताना तो कुठून मोजला आहे हे आधी विचारा. काही जण व्हॉल्व्ह सीटवरून (त्याच्या बैठकीवरून) हलल्याबरोबर मोजतात, काही जण ५० थाऊ, म्हणजे १.२७ मिमी उचलल्यावर मोजतात. पहिल्या पद्धतीने २८० दिसणारा कॅम दुसऱ्या पद्धतीने २३० च्या घरात दिसू शकतो. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर निवड हमखास चुकते.

मग ओव्हरलॅप काढा. दोन्ही लोबच्या ड्युरेशनची सरासरी घ्या आणि त्यातून लोब सेंटरची दुप्पट वजा करा. २८० चा कॅम, सेंटर ११० असेल तर ६० डिग्री. २६० चा आणि सेंटर तेच असेल तर ४०. इतका वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात. ओव्हरलॅप जास्त असला की स्लो रनिंगला गाडी अडखळते, जळालेला गॅस इनलेटमध्ये शिरतो आणि ॲव्हरेज पडतं. बुलेटचा तो संथ, सुटा ठोका ज्याला प्रिय आहे त्याने ओव्हरलॅप कमीच ठेवावा.

लिफ्ट थोडी वाढवायला हरकत नाही. पण व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतका उघडला की भोवतालची वाट त्याच्या तोंडाएवढी होते, आणि त्यापुढे फायदा झपाट्याने कमी होत जातो. ४० मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर १० मिमीच्या पुढे फार काही मिळत नाही. स्प्रिंग, गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) मात्र झिजतात.

पोर्टिंग करून पोर्ट किती मोठे करायचे?

शक्यतो करायचेच नाहीत. साफ करायचे. ओतकामाच्या रेषा, सीटची रिंग जिथे ॲल्युमिनियमला भेटते तिथली पायरी, गाईडभोवतीचा उंचवटा, कार्बच्या मॅनिफोल्डचं आणि पोर्टचं तोंड जुळत नसेल तर ती कड, एवढं काढलं की निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो. पोर्ट जितका रुंद तितका हवेचा वेग कमी. वेग कमी झाला की खालच्या आरपीएमला मिश्रण नीट मिसळत नाही आणि सिलिंडरही भरत नाही. सगळ्यात काळजीने काम करायची जागा म्हणजे व्हॉल्व्हच्या लगतचे दीड-दोन सेंटीमीटर. तिथे एक मिलिमीटरची पायरी काढली तर रस्त्यावर जाणवते. बाहेरच्या तोंडाशी तासभर पॉलिश मारलं तरी जाणवत नाही.

इनलेट पोर्ट आरशासारखा चमकवायची गरज नाही, बारीक खरखरीत चालतो. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर कार्बन कमी धरतो, एवढाच उपयोग.

अमेरिकन बिग ब्लॉक इंजिनांबद्दल खूप वाचायला मिळतं. ते आपल्याला लागू होतं का?

तत्त्व लागू होतं, आकडे होत नाहीत. शेवरोलेच्या बिग ब्लॉकचं उदाहरण घ्या. १९६५ ला ३९६ घन इंचाचं आलं, पुढे ४२७, आणि १९७० ला ४५४, म्हणजे ७.४ लिटर. त्याचा एकेक सिलिंडर ९३० सीसीच्या आसपासचा आणि स्ट्रोक १०१.६ मिमी, आपल्या बुलेटच्या ९० पेक्षा थोडाच लांब. त्याला दोन प्रकारचे हेड यायचे, लंबगोल पोर्टचे आणि मोठ्या चौकोनी पोर्टचे. चौकोनी पोर्टवाले शर्यतीच्या आणि खूप वर फिरणाऱ्या इंजिनांचे, म्हणून नाव त्यांचं मोठं. पण रस्त्याच्या गाडीला तिकडचे अनुभवी लोक लंबगोल पोर्टच सुचवतात, कारण लहान पोर्टमध्ये हवेचा वेग टिकतो आणि सिग्नलवरून सुटताना गाडी ओढते. एवढ्या मोठ्या इंजिनालाही पोर्ट गरजेपेक्षा मोठा चालत नाही, तर आपल्या साडेतीनशेला कसा चालेल?

तिथल्या कॅमचे ड्युरेशन आकडे मात्र इथे उचलू नका. आठ सिलिंडरचं इंजिन ओबडधोबड आयडलवरही बंद पडत नाही, कारण एक सिलिंडर चुकला तरी बाकीचे सात ओढतात. आपल्याकडे एकच आहे.

कॉम्प्रेशन वाढवायला हेडला फेस मारला (खालची बाजू घासली) तर?

सपाट करण्यापुरता मारा. कॉम्प्रेशन वाढवायला म्हणून मारू नका. ५०० मध्ये ६.५ चं ७.५ करायचं तर कंबशन चेंबर ९१ सीसीवरून ७७ सीसीवर आणावा लागतो. ८४ मिमीच्या बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) हे १४ सीसी म्हणजे जवळपास अडीच मिलिमीटर जाडी. एवढं घासलं तर हेडची ताकद जाते, पुशरॉडची (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांडीची) लांबी चुकते आणि रॉकरचा कोन बिघडतो. कॉम्प्रेशन वाढवायचं काम पिस्टनचं आहे.

चेंबर मोजल्याशिवाय पिस्टनही घेऊ नका. मोजणं सोपं आहे. हेड उलटं टेबलावर ठेवा, प्लग लावा, व्हॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली काच ठेवा आणि ब्युरेटने (मापाच्या खुणांच्या नळीने) रॉकेल सोडा. काचेखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की आकडा वाचा. पाव तासाचं काम आहे. त्यात पिस्टनच्या वरची आणि गॅस्केटच्या जाडीची जागा मिळवली की खरं कॉम्प्रेशन हातात येतं.

लोखंडी बॅरलच्या एअर-कूल्ड इंजिनाला रोजच्या वापरात साडेसातच्या पुढे न्यायचा मोह टाळा. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात ट्रॉलीमागे सरपटताना इंजिन तापतं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं. कॉम्प्रेशन वाढवलंत तर इग्निशन टायमिंगही पुन्हा तपासा.

व्हॉल्व्ह सीटचं काम एवढं महत्त्वाचं का?

कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. क्रम असा: आधी गाईड, मग सीट, मग व्हॉल्व्ह. ढिल्या गाईडवर सीट कापली तर कटरसुद्धा तिरका बसतो, आणि ती सीट महिन्याभरात गळते. गाईड नवा बसला की सीट ३०, ४५ आणि ६० अशा तीन कोनांत कापून घ्या. ४५ ची पट्टी म्हणजे खरी बैठक. वर-खालचे कोन हवेला वळायला मदत करतात. इनलेटला पट्टी दीड मिमीच्या आसपास पुरते, एक्झॉस्टला किंचित रुंद ठेवतात, कारण लालभडक होणाऱ्या व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधूनच बाहेर जाते. पट्टी फार बारीक ठेवली तर व्हॉल्व्ह जळतो.

नंतर पेस्ट लावून हाताने घासा. करडी, अखंड रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. मग स्प्रिंग बसवून हेड आडवं धरा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता. व्हॉल्व्हच्या कडेने ओलसर चकचकीत रेघ उमटायला लागली, तर ते हेड गाडीवर चढवायचं नाही. थेंब पडायची वाट बघत बसू नका, ओल दिसली की पुन्हा घासायला घ्या. काम घ्यायला जाल तेव्हा ही चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही. मिरज-कुपवाडच्या बाजूला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम मन लावून करणारे आहेत.

मोठे व्हॉल्व्ह बसवू का?

३५० ला रस्त्यासाठी गरज नाही. ५०० ला पिस्टन, कॅम, कार्ब सगळं बदलणार असाल तरच विचार करा.

नवीन कॅमवर व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही ना?

लागू शकतो, आणि लागला तर पिस्टन, व्हॉल्व्ह, पुशरॉड सगळं जातं. म्हणून तपासल्याशिवाय किक मारायची नाही. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा पातळ थर द्या, थोडं तेल लावा, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधला भाग) सेट करा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड उचललं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा दिसतो. सर्वात पातळ जागी ब्लेडने कापून जाडी मोजा. इनलेटला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी जागा हवी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या पाठोपाठ वर येत असतो.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना टेकत नाहीत हेही बघा. जास्त लिफ्टच्या कॅमवर जुनी स्प्रिंग टेकली की पुशरॉड वाकतो.

जुने टॅपेट नव्या कॅमवर चालतील?

नाही. कॅमसोबत टॅपेट नवीनच घ्या. बसवताना लोबवर घट्ट असेंब्ली ग्रीस चोपडा, आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर गाडी स्लोवर सोडून देऊ नका, थोडा वेळ दोन हजाराच्या आसपास फिरवा, म्हणजे लोबवर तेल उडत राहील.

कास्ट आयर्नमध्ये कॅम बसवताना काय सांभाळायचं?

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळ्या चाकांवर आहेत, आणि चाकं दातांच्या खुणांवर जुळवायची असतात. बाजारातल्या कॅमवरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नका. डिग्रीची तबकडी क्रँकला लावा, डायल गेज टॅपेटवर धरा आणि व्हॉल्व्ह खरंच कागदावर लिहिलेल्या डिग्रीला उघडतो-मिटतो का ते बघा. एक दात चुकला तर दोन शिखरांमधलं अंतरच बदलतं, आणि तुम्ही घेतलेला कॅम तो राहत नाही.

टॅपेट सेटिंग इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना करायचं. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

यूसीई, जे-सिरीज आणि ६५० या नव्या इंजिनांना हेच लागू आहे का?

हेडचं सगळं लागू आहे. कॅमचं जपून. यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेलं) हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, ते स्वतःच खेळ भरून काढतात, आणि एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डिकम्प्रेसर (स्टार्ट करताना कॉम्प्रेशन कमी करणारा) असतो. बाहेरच्या कॅमवर तो नसेल तर सेल्फ मारताना स्टार्टरवर ताण येतो. तेलही तिथे क्लच आणि इंजिनाचं एकच, म्हणून १५डब्ल्यू-५० आणि जासो एमए (तेलात बुडलेल्या क्लचसाठीच्या) ग्रेडचंच घाला. कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो.

जे-सिरीजच्या ३५० मध्ये कॅम हेडमध्येच आहे, कॉम्प्रेशन ९.५, बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिमी. २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो, म्हणजे आपल्याला हवा तिथेच. त्यात कॅम बदलायचं मला काही कारण दिसत नाही. ६५० मध्ये बदल होतात, पण इंजेक्शनचा मॅप बदलावा लागतो, वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, आणि रस्त्यावर ते इंजिन मुळातच भरपूर आहे.

ई-२० पेट्रोलमुळे काही बदलावं लागतं?

कार्बच्या गाडीला हो. ज्या उसामागे आपण रस्त्यावर अडकतो त्याच उसाचं इथेनॉल आता टाकीत आहे, ई-२० मध्ये वीस टक्के. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, नॉकिंग कमी होतं, ही चांगली बाजू. पण शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोलचं भोक) गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतो. हेडचं काम केल्यावर मेन जेट एक-दोन नंबरने वाढवून प्लगचा रंग बघा. पांढराफटक असेल तर अजून वाढवा, फिका तपकिरी आला की थांबा. जुने रबरी पाईप आणि कार्बच्या आतले सील कडक झालेत का तेही बघून घ्या.

पाचगणीला चढताना गाडी मंदावते. कॅमने सुटेल का?

पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि पॉवरही जवळपास तितकीच घटते. कॅम त्याला काही करू शकत नाही. पुढचं स्प्रॉकेट १७ दातांचं असेल तर १६ दातांचं लावा. त्याच वेगाला इंजिन सहा टक्के जास्त फिरेल आणि घाटात गिअर धरून ठेवता येईल. हा सगळ्यात स्वस्त बदल आहे, आणि माझ्या मते घाटातल्या माणसाने कॅमच्या आधी हाच करून बघावा.

किती आरपीएमपर्यंत फिरवू शकतो?

९० मिमी स्ट्रोकला ५००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो, ६००० वर १८. जुन्या कास्ट आयर्नचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) आणि त्याचा तेलपंप यासाठी बनलेले नाहीत. सतत चालवायला ४५०० च्या आत ठेवा. साडेपाच हजाराला जागा होणारा कॅम या इंजिनात का घालू नये, त्याचं हे दुसरं कारण.

आरटीओची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. गाडी एमएच-१० असो, एमएच-११ असो नाहीतर कराडची एमएच-५०, नियम एकच. बोअर वाढवून सीसी बदलली तर ती नोंदीशी जुळत नाही. म्हणून मी कंपनीच्या सीसीमध्येच राहायचा आग्रह धरतो. पीयूसी वेळेवर काढा. जास्त ओव्हरलॅपच्या कॅमवर न जळलेलं पेट्रोल धुरात जातं आणि पीयूसीला अडकायला होतं. सायलेन्सर मात्र कंपनीचाच राहू द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि अभ्यास करणाऱ्या पोरांना फटाक्यांचा त्रास देऊन मिळणारी पॉवर नगण्य असते.

काम झाल्यावर खरंच फरक पडला हे कसं ठरवू?

आवाजावरून ठरवू नका. काम करायच्या आधीच एक चढ ठरवून ठेवा, यवतेश्वरचा असो किंवा घराजवळचा. सकाळच्या थंड हवेत, रस्ता मोकळा असताना, ठरलेल्या खुणेला ताशी चाळीसने टॉपला या आणि थ्रॉटल पूर्ण उघडून पुढच्या खुणेला काटा कुठे आहे ते वहीत लिहा. मागे बसणाराही दोन्ही वेळेला तोच असू द्या. काम झाल्यावर, रनिंगचे पाचशे किलोमीटर आणि पहिलं तेल बदलून झालं, की त्याच चढावर तीच चाचणी करा. सोबत टाकी-टू-टाकी ॲव्हरेज मोजा. चढावरचा आकडा वाढला आणि ॲव्हरेज पडलं नाही तर निवड बरोबर झाली. आकडा तोच राहिला आणि फक्त हायवेला गाडी पळायला लागली, तर कॅम तुमच्या रस्त्यापेक्षा मोठा आहे. जुनी कॅमची चाकं म्हणूनच तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. जुने टॅपेटही कुठला कोणत्या चाकाचा ते लिहून सोबत ठेवा, म्हणजे परत बसवता येतील.